काटा कोणाच्या हाती?

घरात तान्हे मूल आले, की कपाटाच्या तळाशी पडलेली सहाण बाहेर निघते. मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, सुंठ, हळकुंड, खारीक, बदाम आणि त्यांच्या जोडीला एक काळे, सुरकुतलेले, टणक फळ. कशाचे किती वेढे घ्यायचे ते आजीला पाठ असते. सुनेने डॉक्टरांना विचारावे, डॉक्टरांनी नको म्हणावे आणि आजीने तरीही उगाळावे, हे घरोघरी चालते. त्या वादात आज शिरायचे नाही. आज बोलायचे आहे ते त्या काळ्या फळाविषयी. तो बाळहिरडा. पुण्याच्या रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात तो पुडीत बांधून मिळतो आणि पुडी सोडताना तो कुठून आला असेल, हा विचार आपल्या मनात येत नाही.

पुणे जिल्ह्यापुरते बोलायचे, तर तो बराचसा येतो जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम अंगाने. सह्याद्रीच्या कण्याला टेकलेल्या ह्या पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी राहतात. (महादेव कोळ्याच्या नावात कोळी असला, तरी त्याचा समुद्राशी संबंध नाही. तो डोंगरातला शेतकरी आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे कामाला येईल.) भाताची खाचरे, उतारावर नाचणी-वरई, आणि बांधावर, मालकीच्या रानात, जंगलात हिरड्याची झाडे. चैत्र-वैशाखात फळ कोवळे असतानाच काठीने झोडून पाडायचे, बायका-पोरांनी वेचायचे, कातळावर पसरून वाळवायचे. काही दिवसांत हिरवे फळ काळे पडते, तोच बाळहिरडा. झाडावरच राहून पक्व झालेले फळ पुढे हिवाळ्यात उतरते. ते त्रिफळ्यात जाते, रंगात जाते, कातडी कमावण्यासाठी जाते. इंग्रजांच्या काळात मुंबई बंदरातून हिरडा विलायतेला जहाजाने जात असे. म्हणजे ह्या डोंगराला बाजार नवा नाही. बाजारात त्याची जागा कुठली, एवढाच प्रश्न आहे.

ही जागा समजून घ्यायची, तर तालुक्याच्या पूर्वेला उतरावे. नारायणगाव, आळेफाटा, मंचर. द्राक्षे, कांदा, ऊस, टोमॅटो. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांचे पाणी, दोन सहकारी साखर कारखाने, पहाटेपासून गजबजणारे बाजार. नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात २०२३ च्या जुलैत क्रेटचा भाव दोन हजार रुपयांच्या घरात गेला, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या झळकल्या. इतर वर्षी तोच टोमॅटो रस्त्याकडेला ओतून द्यावा लागतो हेही खरे. पूर्वेचा शेतकरी सुखी आहे असे कोणी समजू नये. पण त्याला भाव माहीत असतो. मंचरला काय निघाला, वाशीला काय निघाला, हे तो फोनवर विचारतो. माल गाडीत भरायचा की एक दिवस थांबायचे, हे ठरवण्याइतकी सवड त्याच्यापाशी असते. पश्चिमेच्या बाईपाशी नसते ती नेमकी ही सवड.

कारण हिरड्याचा पैसा हाती येतो तो मृगाच्या तोंडावर. बियाणे घ्यायचे असते, घर शाकारायचे असते, पोरांच्या वह्या, मीठ-मिरची, पावसाळ्याचे चार महिने पुरेल असे काहीबाही. वाळलेला हिरडा पोत्यात पडून राहिला, तर दमट हवेत बुरशी धरतो. दारात आलेला व्यापारी हे जाणून असतो. शिवाय त्याने आदल्या श्रावणात उचल दिलेली असते. घरात दाणा नव्हता, तेव्हा तोच उपयोगी पडला होता. त्याला सरसकट खलनायक ठरवणे सोपे आहे, पण आपण शहरी माणसे तसे करतो तेव्हा एक गोष्ट विसरतो. अडीअडचणीला रात्री दार वाजवावे असा माणूस त्या वाडीत दुसरा कोणी नसतो. बँक तालुक्याला, तालुका डोंगराखाली. मात्र ह्या उपयोगी पडण्याची किंमत पुढल्या वैशाखात काट्यावर वसूल होते. वजन त्याचे, भाव त्याचा, हिशेबही त्याच्याच वहीत.

सरकारला हे कळत नव्हते असे नाही. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले. १९७६ च्या कायद्याने आदिवासी भागात एकाधिकार खरेदीचा मार्ग मोकळा झाला. पावसाळ्यातली उचल मोडून काढायची म्हणून १९७८ पासून खावटी कर्ज सुरू झाले. कागदावर ही योजना फार शहाणपणाची होती. सावकाराच्या दोन्ही हातांना, उचल देणाऱ्या आणि माल घेणाऱ्या, एकाच वेळी पर्याय उभा करायचा होता. परंतु सरकार दुकानदार झाले की दुकानाची वेळ सरकारी होते. हिरडा वाळतो वैशाखात. खरेदीचा आदेश, गोदामाची सोय, रोख रकमेची तरतूद ह्यांचे पंचांग वेगळे. खरेदी उशिरा सुरू झाली, भाव कमी धरला, पैसे वेळेवर मिळाले नाहीत, ह्या तक्रारी डोंगरात जुन्या आहेत. आणि आठ दिवस थांबण्याची ऐपत नसलेल्या बाईसाठी उशिरा उघडणारे केंद्र आणि नसलेले केंद्र ह्यांत फरक नसतो. पुढे २०१३-१४ मध्ये केंद्राने गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किमतीची योजना आणली, २०१८ मध्ये वन धन केंद्रांची घोषणा झाली. नावे बदलत गेली. दारातला काटा बराचसा होता तिथेच राहिला.

आता गेल्या काही वर्षांत एक नवी भाषा आली आहे. सामाजिक प्रश्न सुटत नसतील तर धंद्याची रीत वापरून पाहा, म्हणतात. दानधर्म नको, अनुदान नको. ग्राहक ओळखा, माल नीट बांधा, नाव करा, विका. ही भाषा दिसते तितकी नवी नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वीब नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने प्रश्न केला होता, की साबण विकता येतो तसा बंधुभाव का विकता येऊ नये? आपल्याकडे त्याचा सर्वांत मोठा प्रयोग १९६८ चा, ‘निरोध’चा. तीन नगांची किंमत पंधरा पैसे ठेवली आणि वाटपाचे काम चहा, साबण, सिगारेट, बॅटरी विकणाऱ्या बड्या कंपन्यांकडे दिले. सरकारी दवाखाना जिथे पोचत नव्हता, तिथे चहाच्या पुडक्यांची गाडी पोचत होती. कल्पना साधी आणि हुशारीची. पुढे २००४ मध्ये सी. के. प्रल्हादांचे पुस्तक आले आणि गरिबांच्या तळातही मोठी बाजारपेठ आहे, हे कंपन्यांना पटले. रुपयाची शांपूची पुडी डोंगरातल्या टपरीवर लटकू लागली.

ह्या सगळ्यांत एक गृहीत आहे. गरीब माणूस ग्राहक आहे. त्याला काहीतरी विकायचे आहे. मग ते साबण असो, विमा असो, चूल असो की आरोग्याची सवय. काही बाबतींत हे योग्यच आहे. पण जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातला मूळ प्रश्न ह्याच्या नेमका उलटा आहे. तिथली बाई घेणारी असण्याआधी विकणारी आहे. तिच्यापाशी माल आहे, चांगला आहे, त्याला मागणी आहे. शांपूच्या पुडीने तिचे काय होणार? तिला काटा हवा आहे.

काटा हाती आल्यावर काय होते, ह्याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. आंबेगाव तालुक्यातच घोड नदीवर डिंभे धरण आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले, ते मूळ गाव ह्या धरणाच्या पाण्यात गेले आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. खाचरे पाण्याखाली गेली. पाणी पूर्वेच्या उसा-द्राक्षाला गेले. विस्थापितांपैकी बरेच जण लांबच्या जमिनीकडे न जाता पाण्याच्या वरच्या अंगाला, उरल्यासुरल्या उतारावर चढून राहिले. समोर अथांग पाणी, आणि त्यावर आपला हक्क काय, हे कोणालाच ठाऊक नाही.

आनंद कपूर आणि कुसुमताई कर्णिक ह्यांनी उभ्या केलेल्या ‘शाश्वत’ संस्थेने इथे लोकांबरोबर जे काम केले, त्याची सुरुवात विक्रीपासून नव्हती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. सुरुवात होती हक्काची. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडी पडणारी गाळपेर जमीन कसायला मिळावी, ही पहिली लढाई. मग पाण्यातल्या माशांची. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका बाहेरचा माणूस घेई आणि स्थानिक माणूस त्याच्यासाठी जाळे टाकी. इथेही काटा दुसऱ्याच्याच हाती होता. २००६ च्या सुमारास धरणग्रस्त आदिवासींची स्वतःची मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली.

ज्यांच्या नावात कोळी आहे पण ज्यांना मासेमारी माहीत नाही, अशा शेतकऱ्यांना जाळे आणि होडी शिकावी लागली. कातकऱ्यांना नदीतली मासेमारी ठाऊक होती, पण धरणाचे पाणी म्हणजे वेगळेच प्रकरण. जलाशयात मासा आपोआप होत नाही. रोहू, कटला, मृगळ ह्यांचे बीज दरवर्षी सोडावे लागते. अगदी बारीक बीज सोडले तर मोठे मासे ते गट्ट करतात, आणि बोटाएवढी बोटुकली विकत घ्यायची तर महाग पडते. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतील तज्ज्ञांनी इथे पाण्यात पिंजरे उभारून बारीक बीज बोटुकलीएवढे वाढवण्याचे तंत्र शिकवले. वाढवायचे घरी, सोडायचे आपल्याच पाण्यात, धरायचे आपणच. व्यवसायाच्या पुस्तकात ह्याला मोठी नावे असतील. साध्या भाषेत, ज्या टप्प्यावर पैसा बाहेर जात होता, तो टप्पा त्यांनी आपल्या घरात आणला. २०१२ मध्ये ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

ही कथा फार गोड करून सांगण्यात अर्थ नाही. सहकारी संस्था म्हटली की तिची दुखणी आली. पाऊस कमी झाला की पाणी खाली जाते, चोरटी मासेमारी होते, सभासदांत कुरबुरी होतात. आणि एक गोष्ट धंद्याच्या भाषेचे कौतुक करणाऱ्यांनी खास ध्यानात घ्यावी. हे सगळे नफ्यातून उभे राहिले नाही. आधी वर्षानुवर्षे कार्यकर्त्यांनी गावात घालवली, देणग्या लागल्या, सरकारी संस्थेचे ज्ञान फुकट मिळाले, सरकारी कचेऱ्यांत खेटे घालावे लागले. मग कुठे धंदा. ‘अनुदान नको, व्यवसाय करा’ असे डोंगरातल्या माणसाला सांगणाऱ्याने आपल्या कारखान्याला वीज, जमीन, कर ह्यांत काय काय सवलत मिळाली, ते एकदा आठवून पाहावे.

मग माशांचे जमले ते हिरड्याचे का जमू नये? जमवायला अडचण आहे ती अशी. धरण एक आहे, ठेका एक आहे, त्यावर एका संस्थेला उभे राहता येते. हिरडा वाड्या-वाड्यांत, झाडा-झाडावर विखुरलेला. तो गोळा करायला केंद्र हवे, वाळवायला ओटा हवा, पाऊस यायच्या आत ठेवायला कोरडे गोदाम हवे. आणि सर्वांत मोठी गोष्ट, माल येताक्षणी रोख मोजायला चार आठवड्यांचे भांडवल हवे. भाव थोडा कमी दिला तरी चालेल, पण पैसा त्याच दिवशी दिला पाहिजे. हे व्यापाऱ्याला कळते, आणि म्हणूनच तो टिकून आहे. त्याच्याकडून शिकायचे असेल तर हेच शिकावे. बाकी चकचकीत डबी, सुंदर चिठ्ठी, शहरातले प्रदर्शन ही नंतरची कामे आहेत आणि उत्साही मंडळी नेमकी तिथून सुरुवात करतात. १९५९ मध्ये गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, तेव्हा ‘लिज्जत’ हे नाव कोणाला ठाऊक होते? पण लाटणारी बाई पहिल्यापासून मालकीण होती आणि मजुरी वेळच्या वेळी हातावर पडत होती.

मालकीचा प्रश्न तर हिरड्याच्या बाबतीत अजूनही धूसरच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासी समाजाचा हक्क मान्य केला. गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाने त्याच कायद्याच्या आधारे २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतःच्या ग्रामसभेच्या हाती घेतले आणि आपला बांबू आपण विकला. इथे काय झाले पाहा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ सह्याद्री ओलांडून आले, त्यात हिरड्याची झाडे आडवी झाली, फांद्या मोडल्या. द्राक्षाची बाग पडली तर पंचनाम्याचा रकाना तयार असतो. हिरडा कुठल्या रकान्यात भरायचा? पेरलेले पीक नाही, लावलेली बाग नाही. भरपाईसाठी ह्या लोकांना वर्षानुवर्षे मोर्चे आणि धरणी धरावी लागली. सरकारी कागदाला जे झाड दिसतच नाही, त्याच्यावर बँक कर्ज देईल आणि कोणी त्याचा विमा उतरवील, अशी अपेक्षा कशी करायची?

एवढे लिहूनही मनात एक शंका उरते, ती लपवत नाही. प्रत्येक गोष्टीचा धंदा करावा का? ह्याच डोंगरात ‘पडकई’ नावाची जुनी चाल आहे. उतारावर दगडाचे बांध घालून भाताचे नवे खाचर काढायचे, ते एकट्याचे काम नव्हे. मग शेजारी जमतात, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. मजुरी नाही, वही नाही. ‘शाश्वत’ने ह्या कामाला सरकारी योजनेची जोड मिळवून दिली, तीही हाताने आणि माहितगार माणसाच्या नजरेखाली व्हावी म्हणून. पण पैसा आला की यंत्र येते, यंत्राबरोबर ठेकेदार. ३० जुलै २०१४ च्या पहाटे आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गाडले गेले, १५१ माणसे गेली. मुख्य कारण अतिवृष्टी सांगण्यात आले. तरी उतार यंत्राने सपाट करण्याविषयी त्यानंतर बरीच चर्चा झाली आणि ती अनाठायी नव्हती. दगड कुठे सुटा आहे, पाणी कुठून झिरपते, हे वाडीतला म्हातारा फावडे टाकण्याआधी पाहतो. तासावर भाड्याने आणलेले यंत्र थांबत नाही.

तीच गत पर्यटनाची. जुन्नर तालुका २०१८ मध्ये विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर झाला. पावसाळ्यात नाणेघाटात उलट्या धबधब्याच्या चित्रफिती काढायला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. कणीस भाजणाऱ्या बाईला चार पैसे मिळतात, नाही असे नाही. पण घाटमाथ्यावरची जमीन कोणाच्या नावावर चढते आहे, हेही कोणी मोजावे.

त्याच नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. तो पाहून लोक परततात. ज्यांना वेळ असेल त्यांनी जुन्नरच्या लेण्यांतले लेखही पाहावेत. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी ह्या बाजारपेठेत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी होती, कासारांची होती, बांबूकाम करणाऱ्यांचीही होती. धान्यवाल्यांनी लेणे आणि पाण्याचे टाके कोरून दिले. बांबूवाल्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे रक्कम ठेवून तिच्या व्याजातून खर्च चालवण्याची सोय लावली होती. एका दानपत्रात तर जमिनीचे उत्पन्न करंजाची आणि वडाची झाडे लावण्यासाठी श्रेणीच्या हवाली केले आहे. टोपल्या विणणाऱ्यांची संघटना ठेव सांभाळते आणि लोक तिच्यावर भरवसा ठेवतात! आज त्याच तालुक्यात टोपली भरून हिरडा आणणाऱ्या बाईला बँक दारात उभी करील का, सांगता येत नाही.

हा लेख लिहायला बसण्यापूर्वी घरातली बाळहिरड्याची पुडी काढून पाहिली. आता ती कागदाची राहिलेली नाही, प्लास्टिकची आहे. तिच्यावर वजन छापले आहे, किंमत आहे, बांधणी करणाऱ्याचे नाव आहे, शहरातला पत्ता आहे, तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांकही आहे. हिरडा कुठल्या डोंगरातला, ते कुठेच लिहिलेले नाही.